मागच्या खोलीतले तेरा अंश

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत उकिडवा बसून वहीत आकडा लिहीत होतो. तेरा पूर्णांक एक. तारीख, वेळ, आकडा. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता, तापाने फणफणलो होतो तेव्हासुद्धा भिंत धरत येऊन लिहिला होता. "उद्या दुपारी आईला तुझ्याकडे आणून सोडते," ताई म्हणाली. माझ्या बहिणीला प्रस्तावना करायची सवय नाही. तिच्या लेकीचे दिवस भरत आले होते, तिकडे जायला हवं होतं, दोन महिने तरी. "तिची खोली आहेच ना रे?" मी म्हणालो, "आहे ना." इतक्या चटकन म्हणालो, की बोलणारा दुसराच कुणीतरी आहे आणि मी त्याच्या मागे उभा आहे असं वाटलं. बोलताना माझा डावा हात एका बाटलीच्या मानेवर होता, मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा. "गोळ्यांचं मी लिहून पाठवते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या डोक्यात पहिलं जे आलं ते आईबद्दल नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिला आला तो आकडा: त्रेचाळीस. त्रेचाळीस बाटल्या, उद्या दुपारपर्यंत, आणि घरात दुसरी अशी जागा नाही. मागची खोली म्हणजे खोली म्हणायची इतकंच. सहा फूट बाय आठ फूट, खिडकी नाही, वर छताजवळ हातभर झरोका. मागच्या भिंतीपलीकडे इमारतीची पाण्याची टाकी, त्यामुळे ती भिंत बारा महिने गार. डाव्या भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर. घर बांधणाऱ्याने ही जागा अडगळीसाठी ठेवली असणार, पण दोन खोल्यांच्या घरात अडगळ आणि माणूस यांच्यात फार निवड करता येत नाही. वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि एक लोखंडी कॉट घेऊन. खोली बघून म्हणाली, "मला काय लागतं? टेकायला एक भिंत आणि अडकवायला एक खिळा." खिळा होता. दाराच्या डाव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर, आमच्या आधी कुणीतरी ठोकलेला. त्यावर तिने तिची कापडी पिशवी अडकवली आणि ती त्या घरात राहायला लागली.

माझा धंदा थर्मामीटर तपासण्याचा. औषधांची गोदामं, दुधाच्या शीतखोल्या, रक्तपेढ्या, जिथे जिथे एक-दोन अंशांनी माल मरतो तिथे मी माझी पेटी घेऊन जातो आणि त्यांचं थर्मामीटर खरं बोलतंय की नाही ते बघून सहीचा कागद देतो. थर्मामीटर खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात, त्यात अर्धं तथ्य आहे. ते जिथे असतं तिथलं खरं बोलतं. आमच्याकडे दर वर्षी नवे लोक येतात, त्यांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो, की मोजायचं ते माल जिथे आहे तिथे. दाराशी नाही, दिव्याखाली नाही, हाताला सोपं पडतं म्हणून तर मुळीच नाही. हे मी इतक्या वेळा बोललोय, की बायको म्हणते, झोपेतसुद्धा बोलतोस. एका वाइनच्या व्यापाऱ्याच्या गोदामात असंच झालं होतं. त्याने थर्मामीटर दिव्याच्या बाजूला टांगलं होतं, ते चार अंश जास्त दाखवत होतं, आणि तो बिचारा वर्षभर गोदाम नको तितकं गार करत बसला होता. मी जागा बदलून दिली. त्याने खूश होऊन एक बाटली हातात ठेवली. "आडवी ठेवा, अंधारात ठेवा आणि दहा वर्षं विसरून जा," तो म्हणाला. मी पिणाऱ्यांतला नाही. वर्षाकाठी चार पेले म्हणजे पुष्कळ. पण ते वाक्य मला चिकटलं. घरात एक अशी वस्तू असावी, की जिच्यासाठी काही करायचं नाही, नुसतं बिघडू द्यायचं नाही, आणि ती आपोआप चांगली होत जाते. माझ्या आयुष्यात दुसरं काहीही असं नव्हतं. नोकरी नव्हती, गुडघे नव्हते, लग्न होतं असं मला तेव्हा वाटायचं.

एकाच्या पाच झाल्या, पाचाच्या वीस. आधी कपाटात, स्वेटरांच्या मागे. मग पलंगाखाली. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची पार्सलं तोलते, त्यामुळे तिला कुठल्याही वस्तूचं वजन आणि माणसाची नड लगेच कळते. ती म्हणायची, "ही माझी सवत बरी आहे. दिवसभर आडवी पडून असते आणि तिला कुणी काही बोलत नाही." मी हसायचो. पलंगाखाली उन्हाळ्यात चोवीस अंश व्हायचे, आणि चोवीस म्हणजे वाइनला हळूहळू शिजवणं. तेव्हा मला रात्री कूस बदलतानासुद्धा खाली काहीतरी तापतंय असं वाटायचं. त्या काळात मागच्या खोलीत आई होती.

हिवाळा लागला तशी आई म्हणाली, "इथे जरा गारठा आहे रे." मी म्हणालो, वय झालं की लागतेच थंडी. मग ती दोन स्वेटर घालू लागली, पायमोजे घालून निजू लागली, दिवसभर स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात बसू लागली. ते स्वयंपाकघर एका माणसाला पुरेल इतकंच. बायको काही म्हणायची नाही, पण पातेली जरा जास्त आवाज करायची. तिसऱ्यांदा आई म्हणाली ती एका सकाळी, मी कामावर निघताना, बूट घालत असताना. "रात्रभर पाय गरम होत नाहीत. खोलीच गार आहे, मला काही झालेलं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण एक ठामपणा होता, आणि मला उशीर झाला होता. मी कामाची पेटी उघडली, त्यातलं एक थर्मामीटर काढलं, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, माझ्याच सहीचं, आणि तिची पिशवी काढून त्या खिळ्यावर टांगलं. खिळा होता म्हणून. पाच मिनिटांत ते एकवीसवर गेलं. "बघ," मी म्हणालो. "एकवीस. माणसाला एकवीस पुरतात." आईने चष्मा लावला, जवळ गेली. "एकवीस," ती म्हणाली, परीक्षेतले गुण वाचावेत तशी. मग म्हणाली, "म्हणजे मलाच वाटतंय." मी हो म्हणालो आणि निघालो. दोन आठवड्यांनी ती आपण होऊनच म्हणाली, की ताईकडे जाते थोडे दिवस. ट्रंक मीच उचलली. सुटलो असं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आणि पुढच्याच महिन्यात मी त्या खोलीत आकडे घ्यायला गेलो. वाइनसाठी. आत पाऊल टाकलं आणि पहिलं काय केलं, तर खिळ्यावरचं ते थर्मामीटर काढलं. "इथे कुणी लावलं हे, पाइपावर?" मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो, गोदामातल्या लोकांना दटावतो त्याच सुरात. त्या खिळ्याच्या मागे, भिंतीत बोटभर आत, स्वयंपाकघरात जाणारा गरम पाण्याचा पाइप आहे. सकाळी सहापासून त्यात कढत पाणी खेळतं. हात ठेवला तरी कळतं. मी थर्मामीटर काढून खिशात घातलं आणि आगपेटीएवढे तीन लॉगर ठेवले, दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवतात ते. एक जमिनीवर, एक कॉटच्या पायथ्याशी, एक उशाशी. सात दिवस. आलेख काढला तर रेघ सरळ. तेरा, तेरा, तेरा. रात्री तेरा, दुपारी तेरा. लोक ज्यासाठी हजारोंचं यंत्र बसवतात ते माझ्या घरात फुकट होतं. मी आनंदाने बायकोला हाक मारली. तिने हात पुसत तो कागद घेतला. "ही रेघ उशाची?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "बरीच सरळ आहे," ती म्हणाली आणि कागद परत देऊन आत गेली. मला ते कौतुक वाटलं. दोन वर्षं मला ते कौतुकच वाटत होतं.

शनिवारी बायको अर्ध्या दिवसाने परत येते. मी तिला ताईचा फोन सांगितला. ती चप्पल काढत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "आणि मग?" मी म्हणालो, बाटल्या हलवायला हव्यात, जागा शोधतोय. ती आत गेली, पाणी प्यायली, पेला विसळला. "बाटल्या कुठे निजणार ते तू शोध. आई कुठे निजणार ते ठरलंय ना?" मी म्हणालो, खरं तर पुढच्या खोलीत सोफा आहे, तिथे ऊन येतं, तिला बरं पडेल. हे मी आतापर्यंत मनातसुद्धा पूर्ण म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा कळलं, की सकाळपासून मी याच वाक्याभोवती फिरत होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, खिडकीवर चुकीचा पत्ता लिहिलेलं पाकीट येतं तेव्हा ती पाहत असेल तसं. "तो सोफा साडेचार फूट आहे," ती म्हणाली. "आई पाच फूट एक इंच आहेत. मोजून बघ हवं तर. तुला मोजायला आवडतं."

मग मी मोजत सुटलो. दुसरं काय करणार? घरात जितकी थर्मामीटरं होती तितकी काढली आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवली. पलंगाखाली सतरा, पण तिथून केरसुणी फिरते, बाटल्या हलल्या की तळाशी बसलेला गाळ वर येतो. फ्रिजच्या वरची जागा मोकळी होती, बायकोने तीच सुचवली, आणि मला खरंच धडकी भरली, कारण तिथे मागून ऊब आणि दिवसभराची थरथर, वाइनला त्यापेक्षा वाईट जागा नाही. माळ्यावर तेवीस. सोफ्याच्या मागे एकोणीस, पण सकाळचं ऊन थेट. कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी अठरा, अंधार चांगला, पण खोली कमी, बाटली आडवी टाकली तर दार लागत नाही, आणि उभी ठेवली तर बूच सुकतं, सुकलं की आकसतं, आकसलं की हवा आत शिरते आणि सगळं आंबतं. मी गुडघ्यांवर बसून कपाटाची खोली टेपने मोजत होतो आणि मनातल्या मनात दोन महिन्यांचा हिशेब करत होतो, की अठरा अंशांत साठ दिवस, काही बिघडत नाही, पण त्यातल्या नऊ जुन्या, त्या व्यापाऱ्याने पहिल्यांदा दिलेली धरून, त्यांचं काय. त्या नवांसाठी माझ्या छातीत खरोखर कळ येत होती. बायको दारात उभी राहून बघत होती. "आईंना कुठे एखाद्या कपाटात घालता येतं का तेही बघ," ती म्हणाली. "उभ्या नको. आडव्या." मी हसलो नाही. तीही हसली नव्हती.

संध्याकाळी ताईचा निरोप आला, गोळ्यांची यादी. रक्तदाबाची सकाळी, हाडांची रविवारी, आणि तिसरी ओळ: थंडीची, रोज संध्याकाळी एक, जेवणाआधी. मी ती ओळ तीन वेळा वाचली. "थंडीची गोळी म्हणजे काय?" मी विचारलं. बायको कपडे घड्या करत होती, तिचे हात थांबले. "तुला माहीत नाही?" "नाही." "ताईंकडे गेल्या गेल्याच डॉक्टरांकडे नेलं होतं त्यांना. आईच म्हणाल्या, मला घेऊन चल, मला काहीतरी झालंय. डॉक्टरांनी विचारलं, घरात तापमान किती असतं? या म्हणाल्या एकवीस. डॉक्टर म्हणाले, नक्की? तर म्हणाल्या, माझा मुलगा तेच काम करतो, त्याने स्वतः लावून दाखवलंय." तिने एक सदरा उचलला, घडी घातली, परत उलगडला. "मग एकवीस अंशांत ज्या बाईला रात्रभर थंडी वाजते तिला डॉक्टर काय करणार? सुया टोचल्या, तपासण्या केल्या, काही धड सापडलं नाही, तरी थोडं कमी जास्त आहे म्हणून गोळी दिली. ताईंच्या घरात ऊब आहे. थंडी गेली. आई म्हणतात, गोळी लागू पडली." मी म्हणालो, "तू मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू मला तो कागद दाखवला होतास. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू ते मनात घेऊन वावरतोयस. प्रत्येकाची आपली रीत असते."

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. वहीत संध्याकाळचा आकडा घ्यायचा होता तो घेतला नाही. मला माहीत होतं का, एवढाच प्रश्न होता, आणि तो साधा दिसतो तसा नव्हता. त्या सकाळी बूट घालता घालता मी खिळ्यावर थर्मामीटर टांगलं तेव्हा मागे पाइप आहे हे मला माहीत होतं का? पाइप होता हे माहीत होतं, दर वर्षी नळवाला आला की मीच त्याला जागा दाखवायचो. माल जिथे आहे तिथे मोजायचं हे माहीत होतं, त्या आठवड्यात सुद्धा कुठेतरी ते बोललो असेन. या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी होत्या आणि मी त्यांना एकमेकींशी बोलू दिलं नाही. उशीर झाला होता. खिळा होता. पण महिन्याभराने बाटल्यांसाठी त्याच दारातून आत आलो तेव्हा मला काही आठवावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही, पहिल्या मिनिटाला हात आपोआप खिळ्याकडे गेला. जे आईसाठी एका हिवाळ्यात कळलं नाही ते बाटलीसाठी एका मिनिटात कळतं, याला न कळणं म्हणत नाहीत. आणि एवढं करून थांबलो नव्हतो. मी खिळा तेवढा तसाच ठेवून त्या भिंतीतला पाइप उघडा करून त्याला जाड फेल्टचं वेष्टण गुंडाळलं होतं, वरून लाकडी फळी ठोकली होती, बाटल्यांना त्याची झळ लागू नये म्हणून. आईच्या वेळी निदान तेवढी झळ तरी त्या खोलीत होती. मला स्वतःची शिसारी आली. मी कॉटवर आडवा झालो. कॉट तिथेच होती, तिच्यावर रिकामी खोकी ठेवत होतो मी. ती खाली सरकवली आणि उशी नसलेल्या जागी डोकं टेकलं. पाचच मिनिटांत कानाच्या पाळ्या गार पडल्या. टाकीची भिंत पाठीशी होती, आणि तिच्यातून एक ओलसर गारवा सदऱ्यातून आत येत होता, सावकाश, अजिबात घाई न करता. लोखंडाचा वास येत होता. आई सबंध हिवाळा इथे निजली आणि तिने स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवला नाही, माझ्या आकड्यावर ठेवला. मी अर्धा तास पडून राहिलो. त्यापेक्षा जास्त जमलं नाही.

रविवारी उठल्यापासून बाटल्या हलवल्या. दोन्ही हातांनी, एकेक, लेबल वर राहील अशी. चौतीस पलंगाखाली गेल्या, माझ्या बाजूला, दोन शालींच्या मध्ये. बायकोने तिची बाजूही रिकामी करून दिली. नऊ जुन्या उरल्या. त्या बाटल्यांसाठी आणलेल्या जाळीच्या मांडणीत, खालच्या फळीवर तशाच होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो की काहीतरी दुसरं काम आठवायचं. पाइपावरची फळी उपटली, वेष्टण कापून काढलं. शेजारणीकडून बायकोने हीटर आणला. कोपऱ्यात हवा ओलसर राहावी म्हणून ठेवलेलं पाण्याचं भांडं मोरीत ओतलं. सगळं करूनही जेवणाच्या वेळेला कॉटच्या उशाशी साडेपंधरा होते. त्या भिंतीला गार व्हायला बारा महिने मिळतात, तिला एका सकाळीत काय पटवणार. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला मी खिडकीशी जात होतो. आईला काय सांगायचं याची मी चार पाच वाक्यं तयार केली होती, आणि प्रत्येकात पाइप कर्ता होता, मी नव्हतो.

चार वाजता त्या दोघी आल्या. ताईला गाडी गाठायची होती, तिने ट्रंक दारात ठेवली, चहा उभ्यानेच घेतला आणि गेली. आई बारीक झाली होती, पण चेहऱ्यावर तेज होतं. तिने अंगावरचा स्वेटर काढला नाही, उलट दारातच पिशवीतून दुसरा काढला आणि त्यावर चढवला. पायमोजे चढवले. घरात यायच्या आधी छत्री मिटावी इतक्या सहज. "आता मला काही त्रास नाही हो," ती बायकोला म्हणाली. "गोळीने पार गेली थंडी. हे आपलं सवयीने." मग मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने कॉटवर हात फिरवला, हीटरकडे बघितलं, खालच्या फळीकडे बघितलं. "यांनाही इथेच ठेवलंयस होय? असू दे, असू दे. मला काय त्यांची अडचण? मानवते का त्यांना ही खोली?" मी म्हणालो, "हो. त्यांना गार लागतं." "छान," आई म्हणाली, आणि पिशवी अडकवायला वळली. खिळ्यापाशी थांबली. "आणि माझं थर्मामीटर रे? ते कुठे गेलं?"

मी म्हणालो, पेटीत आहे. "ते लाव बाबा परत," ती म्हणाली. "तिकडे ताईकडे नाही असलं काही. ते समोर असलं की बरं वाटतं. गार वाटलं की बघायचं, एकवीस दिसले की कळतं, काही नाही, आपल्यालाच वाटतंय, मग कूस बदलून झोपायचं." ती बोलत बोलत कॉटवर बसली, पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि मांडीवर ठेवली. बायको पाण्याचा पेला घेऊन दाराशी आली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढच्या खोलीत गेलो, पेटी उघडली, तेच थर्मामीटर काढलं, घेऊन आलो. पाइप आता उघडा होता. टांगलं असतं तर पाच मिनिटांत त्याने एकवीस दाखवले असते, कदाचित बावीस. आईला बरं वाटलं असतं. तिने गोळी घेतली असती, दोन महिने घेतली असती, आणि नऊ बाटल्याही जागच्या जागी राहिल्या असत्या. इतकं सोपं होतं, की माझा हात खिळ्यापर्यंत वर गेलासुद्धा. भिंतीची ऊब बोटांच्या मागच्या बाजूला लागली.

"आई," मी म्हणालो, "इथे मागे गरम पाण्याचा पाइप आहे. इथे लावलं की ते पाइपाचं तापमान दाखवतं. तू निजायचीस तिथे तेरा होतं." मी थर्मामीटर खाली घेतलं. "तेव्हाही तेराच असणार. मला ते कळायला हवं होतं. कळलंच होतं. मी चुकीच्या जागी लावलं आणि तुला एकवीस म्हणून सांगितलं."

आईने डबी उघडली होती, ती तशीच हातात राहिली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बायकोकडे, खात्री करून घ्यायला. बायकोने मान हलवली. आणि मला ज्याची भीती होती त्यातलं काहीच झालं नाही. तिचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे मला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. "अगं, ऐकलंस का? मला काही झालं नव्हतं. मी म्हणत होते की नाही, खोलीच गार आहे?" ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मेली ती गोळी. तोंड कडू होतं दिवसभर. मला वाटायचं, आता हे असंच वाढत जाणार आणि एक दिवस मी उन्हात बसूनही कुडकुडत मरणार. ताईला सांगितलं नव्हतं मी. दोन वर्षं भीती वाटायची मला." बायको तिच्याशेजारी बसली, तिने डबी हळूच मिटवून घेतली आणि म्हणाली, "उद्या आपण डॉक्टरांना सगळं नीट सांगू, आणि आज तुम्ही आमच्या खोलीत झोपा, माझ्याजवळ. हा झोपेल इथे." आई म्हणाली, "झोपू दे. तेरात झोपू दे त्याला." आणि परत हसली. मीही हसलो असेन. मला फार मोकळं वाटलं, आणि ते फार लवकर वाटलं.

हसणं ओसरलं तेव्हा आई खालच्या फळीकडे बघत होती. नऊ बाटल्या अंधारात आडव्या, एका ओळीत. तिने वाकून एकीला बोट लावलं. "यांच्यासाठी मोजलं होतंस ना रे तू?"

"हो."

"कुठे लावलं होतंस तेव्हा?"

मी बोटाने दाखवलं. जमिनीवर, कॉटच्या पायथ्याशी, उशाशी. बाटल्यांच्या जागी, त्यांच्या अगदी लगत.

आईने प्रत्येक जागेकडे नीट बघून घेतलं. "जवळ लावायचं असतं होय," ती म्हणाली, आणि स्वेटरची वरची गुंडी लावून घेतली.